टनामागं दीड ग्रॅम

उमरेडच्या पुढं कंडक्टर विचारतो,
वाकेखापा? सोन्याचं की दुसरं?
दुसरं नाहीच. तरी विचारतो.
आम्हीही म्हणतो, हाव जी, सोन्याचं,
आणि सुटे नसल्यामुळं आमचे दोन रुपये
त्याच्याकडंच राहतात.

ब्याऐंशी साली ड्रिलिंगची मशीन आली.
मी चौथीत होतो.
तीन उन्हाळे ती जमिनीला मनगटाएवढी भोकं पाडत राहिली
आणि आतून दगडाच्या कांड्या काढत राहिली,
गोल, गुळगुळीत, सोललेल्या उसासारख्या.
साहेब कांडीकांडीवर लाल रंगानं आकडा टाकायचे.
माझा बाप, दशरथ मेंढे, त्या पेट्यांचा चौकीदार,
रोजी अकरा रुपये.
झोपेत बडबडायचा,
एकशेबारा मीटर, पांढरी गार, एकशेतेरा, पांढरी गार.

मग कागद आला. टनामागं दीड ग्रॅम.
परवडत नाही, साहेब म्हणाले,
आणि चहाची उधारी पुरी चुकती करून गेले.
हे बाप मरेपर्यंत सांगायचा.

सुकराबाई सोनझरी तेव्हा हसली होती.
तिच्या सासरची माणसं मशीनच्या कितीतरी आधीपासून
नाल्याची रेती लाकडी डोणीत फिरवायची,
पाऊस ओसरला की, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून.
दिवसाला तांदळाच्या कणीएवढं, कधी तेही नाही.
आता नाला धरणाच्या पाण्याखाली आहे.
ती पहाटेच्या गाडीनं इतवारीला जाते,
सराफ्याची शटरं उघडायच्या आत
दुकानांपुढची धूळ झाडते, नाली उपसते.
म्हणते, नाल्यापेक्षा नाली इमानदार.

पेट्या मात्र राहिल्या.
आधी पत्रा गेला, कोंबड्यांच्या खुराड्यांना.
मग गिरिजा शेंडेनं एक कांडी नेली,
पाट्यावर ठेवून पाहिली,
आणि ती वरवंटा म्हणून हाताला अशी बसली
की दुसऱ्या दिवशी अर्धं गाव आमच्या दारात.
बाप सरकारी माणूस. त्यानं रजिस्टर काढलं.
बोअर चार, सत्तर मीटर : गिरिजा शेंडे, अंगठा.
बोअर चार, एकाहत्तर : तुळसा वाघाडे, सही.
बोअर सहा, तीन नग : शाळा, स्टंपांसाठी.
बोअर नऊ, एकशेबारा :
इथं नाव नाही.
ती आमच्या घरी होती.

मागच्या हिवाळ्यात एक मॅडम आल्या, टॅबलेट घेऊन.
सोन्याचा भाव वाढलाय, म्हणाल्या,
दीड ग्रॅमही आता परवडू शकेल.
जुने नमुने कुठं आहेत?
मी ट्रंकेतून रजिस्टर काढलं
आणि दोघं घरोघर फिरलो.
शाळेचे स्टंप मिळाले, दोनच.
तुळसाबाईची गोठ्याच्या दाराला टेकण होती.
गिरिजाबाईनं आपली धुऊन आणली,
तरी मॅडमना तीन शिंका आल्या.
मधून झिजून ती डमरूसारखी झाली होती,
लाल आकडा केव्हाच मिरचीत मिसळून गेला होता.
मॅडमनी वजन केलं. पुन्हा केलं.
बाकीची कुठंय?

खाल्ली न जी, गिरिजाबाई म्हणाली.
चाळीस वर्षं. पोरीबाळींसकट.

दुपारी मॅडम आमच्याकडंच जेवल्या.
भाकर, आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा, एकशेबारावर वाटलेला.
डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी,
तरी अजून थोडा मागितला.
ती कांडी मी त्यांना दाखवली नाही.
का, ते मलाही नीट सांगता येत नाही.

सुकराबाई ओसरीवर बसलेली.
मॅडमनी ताटात हात धुतले,
तिनं ताट उचललं, मोरीकडं निघाली,
आणि मध्येच थांबून
ते लाल पाणी हळूहळू फिरवू लागली,
कडेकडेनं सांडत,
तळाशी बघत.

काय आहे गं, मी विचारलं.
काही नाही, म्हणाली, बिया.
आणि फिरवतच राहिली.